मुंडी साहेबांना, छाती जावयाला

...आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडलंय! अहो, पाडू नको तर काय करू? राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होतो मी! हसू नका. पोस्टर लागलं होतं माझं, टाय घातलेलं, मेंढ्या धुवायच्या शेडच्या मागच्या भिंतीवर. आणि पुढच्या भिंतीवर? साहेब! जमिनीपासून छपरापर्यंत साहेब, हातात पांढरंशुभ्र कोकरू! आणि तुम्हाला सांगतो, त्या कोकराच्या पायाला पट्टी मी बांधलेली, पोस्टरात चांगली दिसतेय की... मी जळत नाही हं, नुसतं सांगतो.

मी सुयुनबेक, मेंढरांचा डॉक्टर, आमच्या खोऱ्यातल्या आठ गावांत एकटाच. एक दिवस जिल्ह्याच्या कचेरीतून फोन. "डॉक्टर, साहेब चौथ्यांदा उभे राहतायत, पण एकट्यानं उभं राहिलेलं बरं दिसत नाही. समोर कुणीतरी हवं. तुमच्याविरुद्ध एक तक्रार नाही बघा!" कशी असेल? मेंढ्या तक्रार करतात का? नाहीच म्हणणार होतो मी. पण डोक्यात आली मुंडी!

म्हणजे असं बघा, आमच्याकडे मेंढा शिजला की ज्याला जो हवा तो तुकडा त्यानं उचलला, असं चालत नाही. हाडाहाडाला मान आहे. म्हाताऱ्यांना कमरेचं हाड, जावयाला छातीचा तुकडा, आणि मुंडी सगळ्यांत मोठ्या पाहुण्याला. त्यानंच ती कापायची, कान घरातल्या सगळ्यांत धाकट्याला द्यायचा, बाकीचं वाटायचं. आणि ओरोझबायमामांच्या घरी, म्हणजे माझ्या सासरी, अकरा वर्षं मी छाती चघळतोय! कोमुझ वाजवणारा आला, मुंडी त्याला. विजेचं मीटर बघणारा आला, मुंडी त्याला! म्हटलं, देशाच्या उमेदवाराला तरी छाती वाढायचं धाडस होणार नाही मामांना. फोनवर "हो" म्हणून मोकळा झालो.

आता साहेबांचा प्रचार ऐका. साहेब आलेच नाहीत! गरज काय? माणसं आली, गाड्या भरभरून, आणि जोर इतका की त्यांना काम पुरेना, मग त्यांनी माझाही प्रचार करून टाकला! माझी पोस्टरं त्यांनीच चिकटवली, टाय त्यांचा, भाषणसुद्धा त्यांच्यातल्याच एका बाईंनी लिहून दिलं. मी उभा राहिलो, छाती फुगवली, "साहेबांनी रस्ते दिले, वीज दिली, पूल दिले, पण..." आणि पान संपलं! मी बाईंकडे बघतो, बाई माझ्याकडे. "दुसरं पान?" "दुसरं पान नाहीये, डॉक्टर." आणि टाळ्या काय पडल्या! सगळ्या पुलाला!

घरी आलो तर स्वयंपाकघरात साहेबांचं कॅलेंडर. आमची बायको, बुरुलचा, म्हणते, "अहो, तारखा बघायला लावलंय." तारखा? गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं ते! "बरं, पण केस बघा की त्यांचे, या वयात!" आणि माझ्या डोक्याकडे बघून जे गप्प झाली ना... मी जळत नाही हं, नुसतं सांगतो.

मग मामांनी मेजवानी ठेवली, दोन्ही उमेदवारांसाठी. टाय घालून गेलो. दारासमोरची मानाची जागा, गाद्यांवर गाद्या, आणि त्यावर कोण? साहेबांची तसबीर! उशीला टेकवलेली! आणि तसबिरीपुढे वाफाळती मुंडी!

"मामा, अहो ती तसबीर आहे!"

"असू दे. ते पाहुणे. तुम्ही घरचे, जावईबापू."

बोला आता! पण तसबीर काही मुंडी कापेना. सगळे बसलेत, मांस निवतंय, कुणाला हात लावता येईना. शेवटी मामांनी चाकू माझ्यापुढे केला. "साहेबांच्या वतीनं तुम्हीच कापा. त्यांच्या तोलामोलाचा उमेदवार इथं दुसरा कोण आहे?" कापली मी. मेहुण्याच्या बेगाइमला कान दिला, "घे बाळ, साहेबांनी दिलाय." पोरगी कान तोंडात घालून उठली आणि तसबिरीचा मुका घेऊन आली! माझ्या पानात? छाती.

मग मात्र राहवेना. म्हटलं, "मामा, निदान मत तरी मला देणार ना?" मामा म्हणाले, "तुम्ही राजधानीत जाऊन बसलात, तर आमच्या अडलेल्या मेंढ्या कोण सोडवणार? साहेब राहिले काय, गेले काय, आमचं काही अडत नाही. तुमच्यावाचून अडतं हो." बुरुलचानं डोळे पुसले. मीही पुसले, त्या टायनं, खोटं कशाला बोलू! अकरा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. पण म्हणजे मी हवाहवासा म्हणून पडायचं, आणि साहेब नसले तरी चालतील म्हणून निवडून यायचं? हा कुठला न्याय?

निकाल लागला. मला नऊ मतं! सगळी डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली. हरखलो मी. म्हटलं, तिकडे तरी माणसं ओळखणारे लोक आहेत! मागाहून कळलं, तिकडे दुसरा डॉक्टर आहे, माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही. आणि माझं स्वतःचं मत? मतदानाच्या दिवशी मामांची मेंढी अडली होती, दंडापर्यंत हात आत घालून बसलो होतो दिवसभर... मी जळत नाही हं, नुसतं...

परवा कचेरीतून पुन्हा फोन. "डॉक्टर, साहेब पाचव्यांदा उभे राहायचं म्हणतायत, तुमचं नाव आत्ताच लिहून ठेवू ना?" बुरुलचा म्हणते, "नाही म्हणा हो, आणखी किती जळाल?" जळतो! बरं, जळतो मी! भिंतीवर जळतो, पुलावर जळतो, त्या केसांवर तर सगळ्यांत जास्त जळतो! पण "हो" म्हणून टाकलं. मुंडी माझ्यापुढे या जन्मी यायची नाही, कळलंय मला. पण साहेबांच्या वतीनं ती कापायला तरी मिळते ना... मी नाही म्हटलं तर उभा राहील मीटरवाला, आणि त्याच्या हातात चाकू गेलेला नाही बघवणार मला!