गुलाबी टक्कल

माझं गुलाबी टक्कल आमच्या हॉलच्या भिंतीवर कसं आलं ते आधी ऐका, मग हसा.

आमची रेवा बारावीला, सायन्सला. शाळेत पोस्टर स्पर्धा होती, ‘माझी शिक्षणाची वाट’. कार्टीने पॉप आर्ट काढायला घेतलं. भडक रंग, चेहऱ्यावर ठिपके, तोंडाशी बोलण्याचा फुगा. मला वाटलं, मायक्रोस्कोप वगैरे काढत असेल. बघतो तर गाडी चालवणारा मी! टक्कल गुलाबी, मिशी निळी, समोर राउंडअबाउट आणि फुग्यात, ‘चुकलं तर चुकलं, अजून एक चक्कर मारू!’

तुम्ही माझ्या गाडीत बसलायत. इथे ओमानमध्ये रुवी असो की सलालाह, राउंडअबाउटवर माझी एक्झिट चुकतेच, आणि दर वेळी मी हेच म्हणतो.

"हे काय गं?"

"बाबा, मला पुढे सायन्स नाही करायचं. डिझाइन करायचंय. एन्ट्रन्सच्या प्रिपरेशनला एक वर्ष पाहिजे."

"अगं, वर्ष फुकट जाईल!"

तिने ब्रश उलटा धरून फुग्यावर नुसतं टकटक केलं. स्वयंपाकघरात बायको अशी हसली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

मी म्हटलं, "खलास. मार चक्कर."

आता घरी येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवर लावलेल्या त्या पोस्टरकडे बघतो, मग माझ्या डोक्याकडे. रेवा ओळख करून देते, "माझे करिअर काउन्सेलर."