सकाळी अकराची साइट

दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाका गुडघा चोळत बसले होते. कान मात्र शेजारच्या दोघी बहिणींकडे होते.

"वायफायवर नको त्या साइट बंद केल्यास ना गं?"

"केल्या, ताई. कोणी उघडायला गेलं की मला फोनवर कळतं."

"मग? लावले का आमच्या भाच्याने दिवे?"

"मलाही तेच वाटलं. एकच साइट, पाच वेळा! चांगलं फैलावर घेतलं त्याला."

"कबूल झाला?"

"रडला बिचारा. मग मी वेळ बघितली. रोज सकाळी अकरा."

"तेव्हा तर तो शाळेत असतो!"

"आणि हे कामावर. घरात एकट्या सासूबाई."

"अगं बाई! साइट कसली होती?"

"चाकू न लावता छातीतली गाठ विरघळवतो म्हणणाऱ्या एका भोंदूची."

काकांचा हात गुडघ्यावरच थांबला.

"तुला बोलल्या नाहीत?"

"अवाक्षर नाही. मग मीही विचारलं नाही. म्हटलं, मला डॉक्टरांना दाखवायचंय, सोबतीला चला."

तेवढ्यात सासूबाई पाण्याची बाटली भरून आल्या. काकांनी सरकून जागा दिली. बसता बसता सासूबाईंनी सुनेचा हात हातात घेतला.

"घाबरू नकोस हो पोरी. मी येते ना तुझ्याबरोबर आत."