मयत कर्मचाऱ्याच्या खात्यावरील रोजच्या लॉगिनबाबत

मी खाली सही करणार, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयात सर्व्हरची देखभाल, राहणार कार्यालयामागील कर्मचारी वसाहत, तिसरा मजला, आज ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की,

कार्यालयाचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. तो माझे वरिष्ठ सांभाळत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मला काम त्यांनीच शिकवले. दि. ११ मार्च रोजी दुपारी पावणेपाचच्या सुमारास पंपघराच्या जिन्यावर हृदयविकाराचा झटका येऊन ते जागीच मयत झाले. त्यांच्या टेबलावरचा संगणक तसाच चालू राहिला.

कर्मचारी गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करायचे, असा नियम आहे. मी ते केले नाही. सवड झाली नाही, असे साहेबांना सांगितले होते. ते खरे नाही. सवड होती.

दि. ८ जुलै रोजी तपासणीसाठी नोंदी काढल्या. मास्तरांच्या खात्यावर ते गेल्यानंतरही रोज सायंकाळी साडेपाचला कोणीतरी येऊन दोन मिनिटांत बाहेर पडत होते. रविवार सोडून एकही दिवस चुकलेला नव्हता. साहेब म्हणाले, "पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. उद्या काही झालं तर तुझ्या-माझ्या गळ्याशी येईल." म्हणून मी तक्रार दिली.

काल हवालदारांसोबत माग काढत गेलो. पत्ता मास्तरांच्याच घराचा निघाला. दार त्यांच्या आईने उघडले. वय अंदाजे ७४. संगणक कोण वापरते, असे हवालदारांनी विचारले. त्या म्हणाल्या, "मीच. लॅपटॉप भंगारातला, सिस्टिम फुकटातली, तरी माझ्या गुडघ्यांपेक्षा बरं चालतंय. बसा ना."

त्यांनी सांगितले ते असे. कधी निघतोस, म्हणून त्या रोज फोन करत. मास्तर चिडत. शेवटी त्यांनी हा लॅपटॉप आपल्या खात्याला जोडून दिला व म्हणाले, "आई, आता मला विचारू नकोस, मशीनला विचार." एक बटण दाबले की सर्व्हरवर त्या वेळी कोण आहे त्यांची यादी येते. मास्तरांच्या नावाच्या दोन ओळी दिसल्या तर एक आईची व एक त्यांची, म्हणजे ते कामावर. एकच ओळ दिसली तर ती आईची, म्हणजे ते निघाले. मग त्या कणीक मळायला घेत.

दि. ११ मार्च रोजी सहाच्या सुमारास निरोप घेऊन त्यांच्याकडे मीच गेलो होतो. मी बोलण्याआधी त्या म्हणाल्या होत्या, "आत्ताच बघितलं. अजून दोन ओळी आहेत. कामात असेल." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. निरोप सांगून मी कार्यालयात परतलो व मास्तरांचा संगणक बंद केला. त्यानंतर त्यांना एकच ओळ दिसली असणार.

मी काल त्यांना म्हटले, "काकू, हे खातं आता बंद करावं लागेल." त्या म्हणाल्या, "कर बाबा. तुझी नोकरी आहे." थोड्या वेळाने विचारले, "मग काय दिसेल?" मी म्हणालो, "काही नाही. परवानगी नाही, एवढंच येईल." त्या म्हणाल्या, "म्हणजे एक ओळसुद्धा नाही." हवालदारांनी पाणी मागितले. त्या आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

सर्व्हरवर कोणतीही छेडछाड झालेली नाही. खाते चालू ठेवण्याची चूक माझी आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाते बंद केले आहे.

वरील जबाब मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटच्या वाक्यात मात्र दुरुस्ती हवी, ती माझ्या सहीने करावी. खाते अजून बंद केलेले नाही. आज सहा वाजता करीन. आत्ता पाच वाजून वीस मिनिटे झाली आहेत.