डाव्या कडेचा खळगा

(धार लावायचं दुकान. ताई सहाणेच्या चाकापाशी. पेठ दाखवत हिंडणारा तिचा धाकटा भाऊ दारात.)

— ठेव ती कात्री. आणि हा कागद उचल, नाहीतर आधी त्याचेच तुकडे करीन.

— ताई, माहितीपत्रक आहे ते. पाहुण्यांना वाटायचं.

— वाचलं. ‘पाहण्यासारखी ठिकाणं. एक, घड्याळाचा मनोरा. दोन, धान्याचा चौक. तीन, बाजाराच्या दरवाज्याची पायरी, तीनशे वर्षं व्यापाऱ्यांच्या पावलांनी झिजलेली.’ कोणाच्या पावलांनी रे?

— लोकांना असं आवडतं.

— सुऱ्या घासून झिजलीय ती! चाळीस वर्षं बाबा तिथे कंबर मोडून बसले. हे दुकान त्या दगडातून निघालं. तुझं कॉलेजसुद्धा.

— हळू बोल, लोक बघतायत.

— बघू देत. मलाही घाल त्यात, चौथा नंबर.

— पावलंही पडलीच असतील की.

— पावलं मधोमध पडतात, शहाण्या. खळगा डाव्या कडेला आहे. बाबा डावखुरे होते, विसरलास?

— कालच एका बाईंनी विचारलं, एकाच कडेला का झिजलीय म्हणून.

— मग? काय तारे तोडलेस?

— म्हटलं, उजवीकडे हमाल ओझी टेकवायचे. म्हणून माणसं डावीकडून चढायची.

— वा! हमाल सापडले तुला. बाप तेवढा सापडला नाही.

— ‘धारवाल्याचा’ म्हणून शाळेत मी काय काय ऐकलंय! धारवाल्याची पायरी बघायला कोण येणार?

— मी अजून धारवालीच आहे, आणि तू माझ्याच दारात उभा आहेस. कशाला हवीय कात्री?

— उद्या दहाला… पायरीपाशी पितळी पाटी बसतेय. फीत कापायला.

— म्हणजे हे खोटं आता पितळेत? आणि त्याला धार माझी?

— पाटी कोरून झालीय गं. आता काय करू?

— ते तू बघ. कात्रीला धार मिळेल, पण इथे नाही. उद्या दहाला, त्या पायरीवर, सगळ्यांसमोर. लावा मग खुशाल पाटी.

— त्या दगडावर? जमेल तुला?

— न जमायला काय झालं? दगड सारखा ओला ठेवावा लागतो, एवढंच. त्याला दुसरं माणूस लागतं.

— तो डबा आहे अजून? चेपलेला? बाबांना पाणी मीच ओतायचो.

— फळीवर आहे. सगळ्यांसमोर ओतशील?

— आधी पाटीवाल्याला फोन करतो. तू डबा काढून ठेव.