ऊन दाखवलं

(धावडा गाव. दुपार. पत्र्याच्या घराचं अंगण, उन्हात एक परात.)

ज्योत्स्ना : आई, माझा किड्यांचा डबा कुठंय?

गिरिजाबाई : धुऊन वाळत घातलाय. आतल्या कोंड्याला कुबट वास यायला लागल्ता. तू कालेजात गेल्तीस, मंग मीच दाखवलं ऊन. ज्वारीला दाखवतो तसं.

ज्योत्स्ना : अगं, आणि किडे?

गिरिजाबाई : ते काय, परातीतच हायेत. घटकाभर ऊन खातील म्हणलं.

ज्योत्स्ना : ऊन न्हाई सोसत गं त्यांना! दिवसभर दगडाखाली असतात ते. बघ, सगळे पाय वर करून पडलेत.

गिरिजाबाई : ते तर सोंग करतेत. हात लावला की मेल्यासारखं पडतेत, तूच सांगितल्तं. दम धर, उठतील.

ज्योत्स्ना : हे सोंग न्हाई, आई.

गिरिजाबाई : अगं बया...

ज्योत्स्ना : आणि कोंड्यातलं ते बारीक पांढरं?

गिरिजाबाई : कीड लागली म्हणून चाळून काढलं. कोंबड्यांपुढं टाकलं.

ज्योत्स्ना : अंडी होती ती! ह्या काळ्या किड्याची अळी आजवर कुणी पाह्यली न्हाई. पुस्तकांत ह्याच्यावर दोन ओळी आहेत, त्याही इंग्रजांच्या काळातल्या. ह्या आठवड्यात मला दिसली असती गं!

गिरिजाबाई : रडू नको. चल, आत्ता जाऊ माळावर. मी उलथिते दगडं.

ज्योत्स्ना : कुठला माळ? मुरूम नेला सगळा रस्त्याला. नुसता खड्डा राह्यलाय तिथं.

गिरिजाबाई : मंग दुसरा माळ पाहू.

ज्योत्स्ना : सगळे पालथे घातले. तिथंच होते फक्त. संपलं आता.

गिरिजाबाई : मला शिव्या दे, पोरी.

ज्योत्स्ना : तुला काय शिव्या देऊ? मी नसले की तूच त्यांना काकडीच्या फोडी टाकायचीस.

गिरिजाबाई : थांब, थांब. हा बघ, परातीखाली. पाय हलवून राह्यला.

ज्योत्स्ना : कुठं? ...हो गं. जिवंत आहे.

गिरिजाबाई : म्हणलं न्हाई का मी!

ज्योत्स्ना : एकच आहे, आई.

गिरिजाबाई : एक तर एक.

ज्योत्स्ना : जोडी लागते. एकट्याचं पुढं काही होत नसतं. असाच जाईल हाही.

गिरिजाबाई : ...डबा वाळला असंल. आणते मी. तवर तू त्याच्यावर हातानं सावली धर.