रिमोटचा टीव्ही

माझी बायको ठकू गेल्याचा निरोप दवाखान्यातून सोमवारी आला. त्याआधी घरी तिला अंथरुणातून उठता येईना, म्हणून मी मोहोपाड्याच्या दुकानात रिमोटचा टीव्ही सांगून ठेवला होता. तो नको म्हणायला महिन्याने गेलो. पुढे एक जोडपं होतं.

“रिमोटवाला घ्या ना.”

“कशाला? तू हायस ना बटन दाबायला.”

“गुडघं दुखत्यात माझं.”

“चार पावलं तर हायत गं.”

“मग तुमी उठा की.”

“मी कामावरनं दमून येतो.”

“आन मी काय झोपून आसते?”

“लय बोलतेस.”

“बरं, मी मेल्यावर घ्या. तवा उठायला कोन आसंल?”

“ओ शेट, बिनरिमोटचाच बांधा.”

शेट माझ्याकडे वळले.

“काका, तुमचा आलाय. काकूंना आता उठायला नको.”

मी मान हलवली आणि बाहेर आलो. टीव्ही नको, हे सांगायचं अजून राहिलं आहे.