शर्यत दिसत नाही

दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ मांडीवर घेऊन बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर म्हातारीचं आणि कारागिराचं बोलणं पडत होतं.

"आजी, टीव्ही ठणठणीत आहे."

"मग गाड्यांच्या शर्यती का लागत नाहीत?"

"त्या दाखवायचे हक्क आता दुसऱ्या कंपनीने घेतलेत. ती आपल्याकडे दाखवतच नाही."

"अरे, पण माझा मुलगा पळवतो त्यात गाडी!"

"मग त्यालाच फोन करा की."

"भांडून गेलाय रे. आमचं नावच टाकलंय त्याने. शर्यत संपली की हेल्मेट काढायचा, तेवढंच तोंड दिसायचं. धडधाकट आहे एवढं कळायचं."

कारागिराने टीव्हीचं मागचं झाकण परत लावायला घेतलं. शिक्षिकेने मान खाली घातली.

"नीट बघ ना, बाबा. एखादी वायर सुटली असेल."